बेकेश: हंगेरीच्या सपाटीवरची मोठाली गावं

बुडापेस्टच्या केलेती स्थानकातून निघालेली गाडी सोलनोकला तिसा नदी ओलांडते आणि त्यानंतर खिडकीबाहेर फारसं काही घडत नाही. एप्रिल असल्यामुळे रेपसीडचे पिवळेधमक पट्टे तेवढे दिसत होते. बाकी काळी कसदार माती आणि क्षितिजापर्यंत गहू. डबा जवळजवळ रिकामा होता. आग्नेय कोपऱ्यातल्या बेकेश परगण्याकडे परदेशी प्रवासी सहसा फिरकत नाहीत. टेकडीच नाही, तर टेकडीवरचा किल्ला कुठून येणार? सगळी जमीन समुद्रसपाटीपासून ऐंशी ते शंभर मीटरच्या आसपास.

मला मात्र नकाशाने ओढून आणलं होतं. बेकेशचं क्षेत्रफळ सुमारे 5,630 चौरस किलोमीटर आणि त्यात गावं-शहरं मिळून जेमतेम 75. पश्चिमेकडचा झाला परगणा याहून बराच लहान, पण तिथे अडीचशेच्या वर गावं आहेत. इथेच एवढी मोकळीक कशी?

याचं उत्तर तुर्कांच्या काळात सापडतं. 1566 साली याच परगण्यातल्या ज्युला गावचा किल्ला पडला आणि 1695 पर्यंत ऑटोमन तुर्कांकडे राहिला. सततच्या लढायांत गावंच्या गावं उठली. शांतता आली तेव्हा जमीन होती, पण कसायला माणूस नव्हता. मग ऑस्ट्रियाच्या शाही सैन्याला रसद पुरवून गबर झालेल्या हारुकर्न नावाच्या गृहस्थाने 1720 च्या सुमारास परगण्यातली बहुतेक जमीन मिळवली आणि कसणारी कुटुंबं बाहेरून आणायला सुरुवात केली. उत्तरेकडून स्लोवाक आले, जर्मन आले, दूरच्या परगण्यांतले हंगेरियन आले. ही माणसं जुन्या ओस गावांत विखुरली नाहीत, थोड्याच ठिकाणी एकवटली. त्यामुळे गाव अफाट आणि शेत कोसभर लांब. पुढे त्या शेतांवरच एकेकटी घरं उभी राहिली, त्यांना इथे तान्या म्हणतात. मातीच्या कच्च्या विटांचं बुटकं पांढरं घर, चार बाभळीसारखी झाडं आणि लांब दांडीने पाणी उपसायची विहीर. आता त्यातली कितीतरी ओसाड आहेत. बसमधून जाताना पडक्या तान्या मोजायचा नाद लागला होता, मग कंटाळून सोडला.

बेकेशचाबा, थोडक्यात चाबा, हे परगण्याचं मुख्य ठिकाण. 1718 मध्ये स्लोवाकांनी ते पुन्हा वसवलं आणि एकोणिसाव्या शतकात ते ‘युरोपातलं सर्वात मोठं खेडं’ म्हणून ओळखलं जाई. आजही स्थानकापासून मध्यवर्ती चौकाकडे चालत निघालो, तर बैठी घरं संपता संपत नाहीत. चौकात लूथरपंथीयांची दोन चर्च समोरासमोर आहेत. आधीचं धाकटं भरल्यावर 1824 पर्यंत थोरलं बांधून झालं. ते थोरलं एवढं अवाढव्य आहे की शेतकऱ्यांच्या खेड्याने ते स्वतःसाठी बांधलं यावर विश्वास बसत नाही. पाट्या अजून हंगेरियन आणि स्लोवाक अशा दोन्ही भाषांत.

तिथून ज्युला जवळच आहे, पण दोघांचं फारसं पटत असावं असं वाटत नाही. दोन्हीकडे डुकराच्या मांसाचं पाप्रिका (लाल मिरचीची पूड) घातलेलं सॉसेज प्रसिद्ध आहे आणि कुणाचं चांगलं, हा प्रश्न परक्याने विचारू नये. (चाबाचं जास्त तिखट. एवढंच सांगतो.) त्यात 1950 मध्ये परगण्याचं मुख्यालयही ज्युलाहून चाबाला गेलं. तरी बघायला ज्युलाच देखणं. विटांचा गॉथिक किल्ला, शेजारी गरम पाण्याची कुंडं आणि 1840 पासून चालू असलेलं मिठाईचं दुकान. त्याचं नाव ‘शंभर वर्षांचं’, वय आता त्याहून बरंच जास्त. हंगेरीच्या राष्ट्रगीताला चाल देणारा फेरेन्त्स एर्केल 1810 मध्ये याच गावात जन्मला. जर्मन वस्तीचा आणि रुमानियन वस्तीचा भाग अजून वेगवेगळा ओळखू येतो. हंगेरीतल्या रुमानियन ऑर्थोडॉक्स बिशपचं पीठही इथेच आहे.

एवढ्या सपाटीवर नद्यांनी जायचं तरी कुठे? शेजारच्या रुमानियातल्या ट्रान्सिल्वेनियाच्या डोंगरांतून कोरोश नावाच्या तीन नद्या उतरतात: पांढरी, काळी आणि वेगवान. पहिल्या दोघी ज्युलाजवळ सानाझुगला एकत्र येतात, तिसरी पुढे मिळते, मग ती तिहेरी कोरोश तिसेकडे जाते. एकोणिसाव्या शतकात त्यांची वळणं कापून दोन्ही काठांवर बांध घातले. दलदली आटल्या, शेती वाढली, पण काही भागांत जमीन खारवून चोपण झाली. पाऊस पडला की चिखल, ऊन पडलं की फरशी. आपल्याकडे नीरेच्या कालव्यावर जमिनी कशा बिघडल्या हे पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. तिथलं कारण मात्र पाटाचं पाणी.

या खारवट माळांवर देवावान्याजवळ 1975 पासून तूझोक पक्ष्यासाठी राखीव क्षेत्र आहे. तूझोक म्हणजे आपल्या माळढोकाचा युरोपीय भाऊबंद. नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि तरीही उडतो. तिथल्या रेहेयच्या निरीक्षण मनोऱ्यावरून दुर्बीण लावली, तर दूरवर एक पांढरा गोळा फुगत होता. मादीपुढे नर पिसं उलटी करून नाचतो तो हाच मोसम. शेतात गवत कापताना उघडी पडलेली अंडी इथे आणून उबवतात आणि पिल्लं वाढवून माळावर सोडतात. शेतकऱ्यांशी करार असतात, कापणीच्या तारखा ठरलेल्या असतात. सोलापूरजवळच्या नान्नजला आता एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते, त्यामुळे त्या मनोऱ्यावर माझा पाय जरा जास्तच वेळ रेंगाळला. विजेच्या तारांवर आदळून मरणं मात्र दोघांच्याही नशिबी आहे.

शेवटचा मुक्काम सार्वाशला, कोरोशच्या एका तुटलेल्या फाट्यावर. इथल्या शामुएल तेशेदिक या लूथरपंथी पाद्र्याने अठराव्या शतकात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतीची शाळा काढली आणि चोपण जमीन सुधारण्याचे प्रयोग केले. प्रवचनात मशागतीच्या गोष्टी सांगतो म्हणून वरिष्ठ त्याच्यावर नाराज असले तर नवल नाही. पाण्याकाठी पवनचक्कीच्या आकाराचं एक स्मारक आहे: जुन्या हंगेरीचा भौगोलिक मध्यबिंदू इथे होता. पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये झालेल्या त्रियानोन तहात देशाचा दोन तृतीयांश भाग गेला, तेव्हा मध्य सरकून पेश्त परगण्यातल्या पुस्तावाच गावी गेला आणि एके काळी देशाच्या आतला असलेला हा परगणा सीमेवर आला. ज्युलाहून रुमानियाची हद्द आता सायकलने गाठता येते.