अंधेरी ते क्राकुफ: एजंटच्या 'युरोप पॅकेज'ला लांबूनच नमस्कार

क्राकुफला पोचले, बॅग अजून उघडलेली नाही, त्यामुळे चीड ताजी आहे. युरोकल्चर हा युरोपियन स्टडीजचा इरास्मुस मुंडुस अभ्यासक्रम, म्हणजे युरोपियन युनियनच्या मदतीने चालणारं, एकाहून जास्त देशांतल्या विद्यापीठांत मिळून शिकायचं मास्टर्स. मी जर्मनीतलं ग्योटिंगेन आणि पोलंडमधलं क्राकुफ निवडलं. इंग्रजी, मार्क, एसओपी (अर्जासोबतचा 'मला हे का शिकायचंय' हा निबंध) तुम्हाला जमतं असं धरूनच पुढचं लिहितेय.

अंधेरीच्या एका एजंटने 14,000 रुपयांचं पॅकेज गळ्यात मारलं. त्यात काय, तर सगळ्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. 'मॅडम, पूर्ण युरोपात चालतं.' अजिबात नाही! भारत 2005 साली अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने आपल्या प्रवेशावर आक्षेप घेतला, त्यामुळे आपलं अपोस्टिल तिथे चालत नाही. पोलंडमध्ये चालतं. म्हणजे पहिलं सत्र जर्मनीत असेल तर त्या चकचकीत स्टिकरचा तिथे शून्य उपयोग. परराष्ट्र मंत्रालयाची मूळ फी एका कागदाला 50 रुपये, वर सेवाशुल्क. बाकीचे पैसे कशाचे, ते विचारलं तर 'प्रोसेसिंग'. विद्यापीठाच्या पत्रात जे मागितलंय तेवढंच करा आणि स्वतः करा. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या मार्कांचा अधिकृत तक्ता) मुंबई विद्यापीठवाल्यांनी कलिना गाठावं, सांताक्रूझहून किंवा कुर्ल्याहून, सकाळी लवकर.

याच माणसाने व्हिसाआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) 11,904 युरो भरायला सांगितले होते. इरास्मुस मुंडुसची स्कॉलरशिप महिना 1,400 युरो असते आणि जर्मनीला खर्चासाठी महिना 992 युरो असल्याचं दाखवायचं असतं. स्कॉलरशिपचं पत्र जोडा, विषय संपला. अकाउंट उघडण्यात त्याचं कमिशन असणार, दुसरं काय. स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांना मात्र ही रक्कम दाखवावीच लागते.

ग्योटिंगेन छान. फ्रँकफर्टहून थेट ट्रेन आहे.

खरी गोम पुढे आहे. 'शेंगेन (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेले युरोपियन देश) आहे ना, मग फिरा कुठेही' हे मुंबईत सगळेच सांगतात. पण जर्मन रहिवासी परमिटवर दुसऱ्या शेंगेन देशात 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि सत्र त्याहून लांबतं. सुटका 2016/801 या युरोपियन निर्देशात आहे: अशा अनेक देशांत चालणाऱ्या कार्यक्रमातल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या देशात 360 दिवसांपर्यंत राहता येतं. पण आपोआप नाही. जर्मन परमिटवर कार्यक्रमाचा उल्लेख आहे का ते कार्ड हातात पडताच तपासा, आणि पोलंडमधल्या विद्यापीठाला तिथल्या परकीय नागरिक कार्यालयाकडे सूचना पाठवायला सांगा. पहिलं सत्र संपायच्या खूप आधी. हे मुंबईतच कुणी सांगितलं असतं तर माझा सगळा डिसेंबर ईमेलमध्ये गेला नसता. युरोपच्या एकीकरणावर निबंध लिहायचा आणि सीमा ओलांडायला निर्देशाचं कलम शोधत बसायचं!

अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत निघतात. आणि तिसऱ्या सत्राच्या संशोधनासाठी युरोपबाहेरच्या भागीदारांची यादी आली, त्यात पुणे विद्यापीठ होतं. आई म्हणाली, डेक्कन क्वीनचा पास काढ.