आम्ही आत गेलोच नव्हतो

सगळ्यात आधी हे सांगून टाकते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. अजबखाना आणि आरशांचा भुलभुलैया असं जोडतिकीट काढलंत, तर फोनवरच्या तिकिटावर दोन चौकोनी कोड येतात, एकाखाली एक. अजबखान्याच्या दारात फक्त वरचा कोड दाखवा. खालच्यावर अंगठा ठेवा, रुमाल धरा, काय वाटेल ते करा. पण तो यंत्रासमोर जाऊ देऊ नका. त्या खालच्या कोडापायी आमचा पाऊण तास वाया गेला. नवऱ्याची तब्येत बिघडली ती वेगळीच.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, आठवीतला थोरला, पहिलीतली धाकटी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, हातात काठी असते. "मला काय करायचंय तिथे, तुम्ही या जाऊन, मी बाहेर बसते," असं तीनदा म्हणून झाल्यावर सगळ्यांच्या आधी चपला घालून त्याच दारात उभ्या होत्या.

अजबखाना चांगला आहे. तिथे कुठे अडलं नाही, म्हणून सांगण्यासारखंही फार नाही. दोन डोक्यांचं पेंढा भरलेलं वासरू आहे. धाकटीने विचारलं, "हे दूध कुठल्या तोंडाने प्यायचं?" आणि आम्हा चौघांनाही उत्तर देता आलं नाही. माकडाचं धड माशाच्या शेपटीला शिवून केलेली जलपरी आहे, अर्थात नक्कल. असलंच एक ध्यान १८४२ साली न्यूयॉर्कमध्ये पी. टी. बार्नम नावाच्या तमाशेवाल्याने मांडलं होतं आणि लोकांनी तिकीट काढून बघितलं होतं. एक लांबलचक पीळदार दात आहे. युरोपात शेकडो वर्षं तो एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून विकला जायचा. ओले वर्म नावाच्या डॅनिश वैद्याने सतराव्या शतकात दाखवून दिलं, की हा नारव्हाल नावाच्या समुद्री प्राण्याचा दात आहे. आक्रसवलेल्या मुंडक्यांपाशी मी धाकटीचं तोंड दुसरीकडे फिरवलं. शत्रूचं मुंडकं असं आक्रसवून ठेवायची ही दक्षिण अमेरिकेतल्या शुआर लोकांची जुनी प्रथा. गोऱ्या संग्राहकांची मागणी वाढली तशी माकडांच्या आणि इतर प्राण्यांच्या कातड्याची बनावट मुंडकीही बाजारात आली. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये आपल्याकडची मुंडकी प्रदर्शनातून काढली, हे तिथल्या पाटीवरच लिहिलं होतं. मग स्वतः कशाला मांडलीत, असं विचारायला तिथे कोणी नव्हतं.

सासूबाई सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या रॉबर्ट वॅडलोच्या, म्हणजे नोंद असलेल्या जगातल्या सगळ्यात उंच माणसाच्या, पुतळ्यापाशी. उंची २७२ सेंटीमीटर. आमचा थोरला, जो हल्ली मला वरून खाली बघायला लागलाय, त्याच्या बरगडीलाही पोचत नव्हता. पायांना आधार म्हणून लावलेल्या पट्ट्यांनी वॅडलोच्या घोट्याला फोड आला, तो चिघळला आणि १९४० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. थोरल्याने पाटी वाचून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या देहाला एक फोड पुरला." मग आम्ही तिथे फोटो काढला. या फोटोचं काम पुढे आहे.

शेवटी फिरता बोगदा लागतो. त्यात पूल जागचा हलत नाही, भोवतीचं ठिपक्याठिपक्यांचं नळकांडं तेवढं फिरतं. डोळे सांगतात आपण कलंडतोय, कान सांगतात आपण सरळ उभे आहोत, आणि या भांडणात पोट ढवळतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी कठडा धरून डोळे मिटून चालावं, सगळं लगेच थांबतं. माझ्या नवऱ्याला घाटात गाडी लागते. हे त्याला दुसऱ्या फेरीत समजलं.

दुसरी फेरी कशाला, तेच आता सांगते.

बोगदा संपला की भुलभुलैयाचं दार. तिथे एक पोरगा, हातात स्कॅनर. मी कोड दाखवला. यंत्र दोनदा टुंगटुंगलं आणि लाल झालं.

"मॅडम, हे वापरलेलं आहे."

"वापरलेलं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आत जाऊन आलात."

मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे चार माणसं उभी होती आणि त्यातलं एकही आत जाऊन आल्यासारखं दिसत नव्हतं. बाकीचे कोड दाखवले. पाचही लाल. पोरगा उर्मट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण यंत्र म्हणतं गेलात म्हणजे गेलात, याच्या पलीकडे त्याची गाडी सरकेना. मी म्हटलं, "अहो, आम्ही आत्ता बोगद्यातून येतोय, तुमच्या डोळ्यांसमोर." तर म्हणतो, "लोक परत परत येतात, मॅडम."

आता मला सांगा, आपण एखाद्या ठिकाणी गेलो नव्हतो याचा पुरावा माणसाने द्यायचा कसा? गेलो असतो तर फोटो दाखवता आला असता. न गेल्याचा फोटो कुठून आणू?

पोरगा म्हणाला, तिकीट खिडकीवर विचारा. खिडकी पहिल्या दाराशी. तिथे जायला वाटा दोन. बाहेरच्या दाराने निघून वळसा घालायचा; पण बाहेर पडलं की पुन्हा आत यायला नवं तिकीट. बार्नमबद्दलही अशीच एक गोष्ट सांगतात. गर्दी हलावी म्हणून त्याने 'इग्रेसकडे' अशी पाटी लावली होती. लोकांना वाटायचं, हा कुठला तरी नवा प्राणी. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ बाहेर जायची वाट. लोक उत्साहाने दार ढकलायचे ते थेट रस्त्यावर, आणि परत यायचं तर पुन्हा पैसे. आम्ही शहाणे निघालो, ते दार टाळलं. मग उरली दुसरी वाट, म्हणजे आल्या पावली उलटं जायची, फिरत्या बोगद्यातून.

नवरा गेला. दहा मिनिटांनी आला. खिडकीवरची बाई म्हणाली, आमच्याकडे फक्त विक्री, स्कॅन झालेलं तिकीट दारावरच बघतात. पोरगा म्हणाला, मग त्यांना मला फोन करायला सांगा. नवरा पुन्हा बोगद्यात. परत आला तेव्हा चेहरा पांढरा. तिने फोन केला होता, पण याचा फोन बंद होता, कारण कामावर फोन बंद ठेवायचा नियम आहे. ऐकलंत? मी तिथल्या तिथे मोठ्याने हसले. ते हसू काही चांगलं नव्हतं. धाकटीने माझा हात सोडला आणि आजीचा धरला.

आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलं. समोर वेडेवाकडे आरसे. उभ्या पिंपासारखा फुगलेला आरसा माणसाला काडी करतो, आणि तोच आडवा लावला की बुटका बैदा. पहिली पाच मिनिटं मजा आली. पंधराव्या मिनिटाला स्वतःचा रागावलेला चेहरा तीन आकारांत बघणं सहन होत नाही. शेजारी एक माहितीफलक होता, तो मी इतक्यांदा वाचला की अजून पाठ आहे. प्रागच्या पेत्रिन टेकडीवरचा आरशांचा भुलभुलैया ज्या इमारतीत आहे ती १८९१ च्या प्रदर्शनासाठी उभारली होती. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचा भुलभुलैया १८९६ च्या जिनिव्हाच्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी केलेला, नव्वद आरशांचा, नंतर लुसर्नला नेऊन बसवलेला. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोक हौसेने पैसे देऊन हरवायला जातायत, आणि आम्हाला पैसे देऊनही हरवू देत नव्हते. आमच्या डोळ्यांदेखत चार कुटुंबं आत गेली आणि दुसऱ्या बाजूने खिदळत बाहेर आली. सासूबाई दर वेळी मोजायच्या. "हे चौथे," म्हणायच्या.

(हो, आठवलं. स्वच्छतागृह बोगद्याच्या आधी आहे. भुलभुलैयाच्या बाजूला नाही. लहान मुलं असतील तर आधीच उरकून घ्या. ही माहिती मला धाकटीने योग्य वेळी दिली नाही.)

सुटलं ते थोरल्यामुळे. एरवी तो फोनमधून डोकं वर काढत नाही, पण त्या दिवशी फोननेच वाचवलं. त्याने पोऱ्याला विचारलं, "तुमच्या यंत्रावर स्कॅनची वेळ दिसते का?" दिसत होती. बारा सत्तेचाळीस. पाचही कोड, बारा सत्तेचाळीस. मग त्याने विचारलं, "आणि वरच्या कोडची?" पोरगा बघत राहिला. बारा सत्तेचाळीस. म्हणजे ज्या मिनिटाला आम्ही अजबखान्यात शिरलो, त्याच मिनिटाला आम्ही पाचही जण भुलभुलैयातही होतो. वर थोरल्याने वॅडलोचा फोटो काढून दाखवला, बारा एकोणसाठ. दारावरच्या यंत्राने घाईत दोन्ही कोड ओढून घेतले होते, एवढीच गोष्ट.

पोऱ्याने कोणाला तरी खूण केली, एक पर्यवेक्षक बाई आल्या. त्यांनी पडदा बघितला, "अच्छा, हे होय," म्हणाल्या आणि एक कळ दाबली. पाचही कोड हिरवे. दहा सेकंद लागले असतील, आणि मला सगळ्यात जास्त राग त्या दहा सेकंदांचा आला. या बाई पहिल्यापासून खांबाआड, वीस पावलांवर उभ्या होत्या. तेव्हा तुमच्यावर अशी वेळ आली तर खिडकी-दार-खिडकी असा चेंडू होऊ नका. पहिल्याच मिनिटाला दोन्ही कोडांच्या वेळा बघायला सांगा आणि पर्यवेक्षक कोण ते विचारा. नवऱ्याचं म्हणणं, हसून विचारलं की काम लवकर होतं. त्याने दोन फेऱ्या हसूनच मारल्या होत्या.

आत जाताना प्लास्टिकचे हातमोजे देतात, आरशांवर बोटं उमटू नयेत म्हणून. वैतागू नका, घाला. आणि मग एक हात पुढे धरूनच चाला. मी धरला नाही, कारण मी अजूनही त्या बाईंशी मनातल्या मनात भांडत होते. तिसऱ्याच पावलाला मला समोर मोकळी वाट दिसली, मी तरातरा गेले आणि नाक आपटलं. काच गार होती. नाकासमोर वाफेचं एक गोल उमटलं, आणि त्यामागे मीच, चष्मा वाकडा झालेली.

आतली जमीन समभुज त्रिकोणांत विभागलेली असते, आरसे साठ अंशांच्या कोनात. अशा दोन आरशांमध्ये उभं राहिलं की आपल्या पाच प्रतिमा दिसतात, स्वतःला धरून सहा. त्या सहांना पलीकडचे आरसे पुन्हा पकडतात, की झालीच जत्रा. स्वतःचा चेहरा समोर आला तर आरसा आहे हे कळतं, पण तो दिसला नाही म्हणजे वाट आहे असं मात्र नाही, कारण तिरका आरसा दुसऱ्याच कोणाला दाखवत असतो. मी नवऱ्याच्या मागे मागे बरीच चालले आणि तो आरशातला निघाला. मला उपयोगी पडलेली खूण एकच, रंगाची. काचेतून फिरून फिरून आलेलं चित्र दर वळणाला थोडं थोडं हिरवट आणि काळपट होत जातं. माणूस हिरवट दिसला तर तो तिथे नाही.

थोरल्याने शाळेतली युक्ती लावली, उजवा हात भिंतीवरून उचलायचा नाही. आत यायचं आणि बाहेर जायचं दार दोन्ही बाहेरच्याच भिंतीत असतील तर हे हमखास चालतं, पण वाटेतल्या प्रत्येक बंद बोळात हजेरी लावावी लागते. तो "युक्ती बरोबर आहे" असं ओरडत होता आणि दर वेळी आवाज वेगळ्याच बाजूने येत होता. नवरा आरशाला पाठ टेकवून डोळे मिटून उभा होता. त्याला बोगद्यानंतर आरसे नको होते.

धाकटी आजीबरोबर होती, आणि मला काळजी तीच. हाका मारल्या, उत्तर नाही. धडपडत, आणखी दोनदा डोकं आपटून मी बाहेर आले, तर दोघी बाकावर बसलेल्या. कधीच्या. सासूबाई चालताना कायम खाली जमिनीकडे बघतात, गुडघ्यांमुळे पाऊल जपून टाकायची सवय. वर आरशात कोण आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. काठी पुढे टाकायची, टक् वाजलं की काच, नाही वाजलं की वाट. "त्यात काय एवढं," म्हणाल्या. "तू कशाला आपटत होतीस? आम्हाला इथवर ऐकू येत होतं."

शनिवार-रविवारी जाऊ नका, हे राहिलंच. आणि जमलं तर भुलभुलैया आधी करा, अजबखाना नंतर; आधी विचारलं तर वेळ बदलून देतात म्हणे. आम्ही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर संदेश आला, पाचही तिकिटांचे पाच वेगवेगळे. "आमच्या भुलभुलैयाला एकाच दिवसात दोनदा भेट दिल्याबद्दल आभार! तुम्हाला दुसरी फेरी जास्त आवडली का?"