चहातले दूध

इंदूरमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना स्मरणशक्तीसाठी काय खावे हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी विचारला जातो, आणि त्याचे छापील उत्तर माझ्या टेबलाच्या खणात कायम असते. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी स्नेहलतागंज भागात राहणाऱ्या बहात्तर वर्षांच्या आजी सुनेबरोबर आल्या, तेव्हाही मी तोच कागद काढला. चिठ्ठीवर ‘विसराळूपणा, आहारसल्ला’ एवढेच लिहिले होते. वरणात दोनदा मीठ पडते, गॅस चालू राहतो, राजवाड्याहून परतताना एकदा तर गल्ली चुकल्या, असे सून सांगत होती. आजी मात्र तिसऱ्याच कोणाविषयी बोलणे चालले असावे तशा पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत बसल्या होत्या.

माझ्या कागदावरचा आहार म्हणजे शिकागोच्या रश विद्यापीठातील मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडलेल्या ‘माइंड’ आहाराचे देशी रूप होय. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, अक्रोड भरपूर. लोणी, मिठाई, तळलेले कमी. बेरी इथे रोज कोण आणणार, म्हणून मी जांभूळ आणि आवळा लिहिते. निरीक्षणांमध्ये हा आहार घेणाऱ्यांची बुद्धी सावकाश मंदावताना दिसली होती. मात्र 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे सहाशे वृद्धांवरील तीन वर्षांच्या चाचणीत, केवळ बेताचे खाणाऱ्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही मी तो कागद देते, कारण हृदयाला आणि साखरेला जे मानवते ते मेंदूलाही मानवण्याचीच शक्यता अधिक. त्या दिवशीही मी वीस मिनिटे अक्रोड आणि जवसाच्या चटणीवर बोलले, आणि आजींनी काल काय खाल्ले हे विचारायचे राहून गेले. अठरा वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक मला शोभणारी नव्हती.

निघताना चष्मा शोधण्यासाठी त्यांनी पर्स टेबलावर रिकामी केली, तेव्हा रुमालाबरोबर मेटफॉर्मिनची आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांची अशा दोन पट्ट्या बाहेर पडल्या. मधुमेहाची गोळी अकरा वर्षांपासून आणि दुसरी ‘अशीच, सवयीने’ चालू होती. मी त्यांना पुन्हा बसवले आणि जीभ दाखवायला सांगितली. ती लालसर आणि काचेसारखी गुळगुळीत होती. पायांना मुंग्या येतात का, असे विचारताच त्या प्रथमच नीट बोलल्या : “मुंग्या नाहीत हो, कापसावर चालल्यासारखं वाटतं.”

मग कालचे खाणे विचारले. सकाळी शेव-जीरावन घातलेले पोहे, दुपारी वरणभात, संध्याकाळी चहा-टोस्ट, रात्री पुन्हा चहा-टोस्ट. यजमान गेल्यापासून एकटीसाठी पान वाढून घ्यावेसे वाटत नाही आणि सून कामावरून आठला येते. दही कफ होतो म्हणून तीन वर्षांपूर्वी सुटले होते. “दूध मात्र रोज घेते,” असे त्यांनी ठासून सांगितले. ते दूध चहातले होते. दुसऱ्या दिवशी सुनेने दिवसभराच्या चहाच्या सगळ्या कपांत पडणारे दूध माझ्या सांगण्यावरून वाटीत मोजले, तर वाटी पुरती भरलीही नाही.

माझा संशय ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 वर होता. ते कमी पडले की जीभ अशी गुळगुळीत होते, पाय बधिर होतात आणि विसराळूपणाही येऊ शकतो. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून घ्यावे लागते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. अन्नातील प्रथिनांपासून ते सुटे व्हायला जठरातील आम्ल लागते, जे वयानुसार घटते आणि त्या गोळ्यांनी आणखी दबते. मेटफॉर्मिनमुळे ते आतड्यात कमी शोषले जाते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ही तूट फार उशिरा कळते. शिवाय हिमोग्लोबिन ठीक असतानाही मज्जातंतूंना इजा होऊ शकते. आजींचे हिमोग्लोबिन जवळजवळ ठीक होते, म्हणूनच बहुधा कोणाला शंका आली नाही.

औषध लिहिणे हे माझे काम नव्हे. मी त्यांच्या डॉक्टरांना सविस्तर चिठ्ठी लिहिली. तपासणीत बी-12 चे प्रमाण 98 आले. 200 च्या खाली गेल्यास कमतरता मानतात. इंजेक्शने सुरू झाली, आम्लपित्ताची गोळी डॉक्टरांनी बंद केली, आणि माझ्याकडून एवढेच सांगणे गेले की दुपारी वाटीभर ताजे दही, रात्री पेलाभर दूध, आणि रात्रीचे जेवण आठ वाजता सुनेबरोबर. अक्रोडाचा विषय मी काढलाच नाही.

साडेतीन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. पायांचा कापूस पूर्ण गेलेला नव्हता आणि अजूनही एखादे नाव अडते, असे सून म्हणाली; सगळेच भरून येईल असे मीही म्हटले नव्हते. आजींनी मात्र तिला मध्येच थांबवले. “हिचं दही आंबट होतं. दूध कोमट झाल्यावर विरजण लाव म्हणून सोमवारपासून तीनदा सांगितलं, लक्षात राहत नाही हिच्या.”