आज ब्रेक डिस्कना फेस मारला, म्हणजे लेथवर कापून त्यांचा पृष्ठभाग सपाट करून घेतला

रत्नागिरीत लेथवाल्या काकांकडे स्पोर्ट्स कारच्या पुढच्या दोन्ही डिस्क नेल्या. आंबा घाट उतरताना पेडल पायाखाली थडथडायचं, स्टिअरिंगही हलायचं. त्यात इथल्या खाऱ्या हवेत डिस्कच्या बिडाला (ओतीव लोखंडाला) गंज धरतोच.

काकांनी आधी जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. कमीत कमी जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. कापल्यावर जाडी त्याच्या वर राहणार असेल तरच लेथ, नाहीतर सरळ नवीन डिस्क. इथे तडजोड नकोच! पातळ डिस्क लवकर तापते, तडकूही शकते.

मग अगदी बारीक कट. तांबूस थर गेला आणि खालून लखलखीत बीड निघालं. काय सुंदर काम! हबवरचा (डिस्क जिथे बसते त्या भागावरचा) गंजही तारेच्या ब्रशने काढला, नाहीतर डिस्क सरळ बसत नाही. डिस्कला दाबणारे ब्रेक पॅड नवीनच टाकलेत. उद्या पावसच्या रस्त्याला हलके ब्रेक मारत ते डिस्कवर घासून नीट बसवून घेणार.