खिट्टीवर विसंबलेली गाडी

उतारावर रात्रभर उभी राहिलेली ऑटोमॅटिक गाडी सकाळी सुरू करून गिअरचा दांडा 'पी'वरून, म्हणजे पार्किंगच्या खुणेवरून ओढावा, तर तो आधी जागचा हलत नाही, मग जरा जोर लावल्यावर एकदम सुटतो आणि गाडीच्या पोटातून 'खट्ट' असा आवाज येतो. हा आवाज मी कित्येक महिने मनाला लावून घेतला होता. प्रत्येक वेळी ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअरपेटीचा, एखादा दात पडत असणार, अशी माझी समजूत होती आणि मागे बसलेल्यांना तो ऐकू जाऊ नये म्हणून मी नेमका त्याच क्षणी खोकत असे.

'पी' म्हणजे ब्रेक नव्हे, हे मला फार उशिरा कळले. ट्रान्समिशनमधून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दंडावर एक दातेरी चक्र असते आणि दांडा 'पी'वर नेला, की एक लहानशी पोलादी खिट्टी त्या चक्राच्या दोन दातांमधल्या खाचेत जाऊन बसते. 1400 किलोची गाडी दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर उभी असेल, तर तिला खाली ओढणारा जोर सुमारे 140 किलो वजनाइतका असतो. हँडब्रेक न ओढताच आपण ब्रेकवरचा पाय उचलला, तर गाडी किंचित घरंगळून थांबते आणि हा सगळा भार त्या एकट्या खिट्टीवर येतो. बाहेरून कोणी दार रेटून धरले असेल तर आतली कडी सरकत नाही, तसेच सकाळी त्या दांड्याचे होते. आवाज येतो तो खिट्टी ताणातून सुटल्याचा.

यात ट्रान्समिशनची झीज होते का? ज्या क्लचपट्ट्या आणि जे गिअर गाडी चालताना राबतात, त्यांचा या उभे राहण्याशी जवळजवळ संबंध नसतो, त्यामुळे माझे खोकणे बहुतांशी वाया गेले असे म्हणावे लागेल. खिट्टीही भार पेलण्यासाठीच घडवलेली असते. मात्र रोज तिलाच ताणात ठेवणे, आणि त्याहून वाईट म्हणजे गाडी पुरती थांबण्याआधीच दांडा 'पी'वर ढकलणे, हे तिच्या दातांना मानवत नाही. चालत्या गाडीत ती खाचेत बसू न शकल्याने नुसती खडखडत राहते.

उपाय केवळ क्रमाचा आहे. ब्रेक दाबून गाडी थांबवावी, दांडा 'एन'वर (न्यूट्रलवर) न्यावा, हँडब्रेक ओढावा, मग ब्रेकवरचा पाय सावकाश काढून गाडीला हँडब्रेकवर टेकू द्यावे आणि पुन्हा ब्रेक दाबून 'पी' लावावा. निघताना ब्रेक दाबून आधी 'पी' सोडवावा आणि हँडब्रेक मागाहून खाली करावा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत खिट्टी पुढची चाके धरते आणि हँडब्रेक बहुधा मागची, म्हणून दोन्ही लावल्याने गाडी चारही पायांवर उभी राहते. काही एएमटी गाड्यांमध्ये, म्हणजे साध्या गिअरपेटीचे क्लच आणि गिअर यंत्रच बदलते अशा गाड्यांमध्ये, 'पी' नसतोच. तिथे हँडब्रेक ओढून, गिअर टाकूनच इंजिन बंद करायचे असते.

खरी झीज मी वेगळ्याच ठिकाणी करत होतो. चढावर पुढची रांग सरकण्याची वाट पाहताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी अधांतरी तोलून धरण्यात मला कौशल्य वाटे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलातून पुढे नेणारा भाग) असलेल्या गाडीत याने तेल तापते आणि एएमटी किंवा दुहेरी क्लचच्या गाडीत क्लच घासला जातो, आणि हे सारे बिनआवाज होत असल्यामुळे त्याची धास्ती मात्र कधी वाटली नाही.

परवा चढावर या क्रमाने लावलेल्या गाडीचा दांडा सकाळी अलगद निघाला. मी सवयीने खोकलो, तेव्हा मागून घसा बरा नाही का, अशी विचारणा झाली.