रॉकेट लहान होते, हवा होत नाही

सॅटर्न-५ हे चंद्राकडे माणसे नेणारे रॉकेट सुमारे ११० मीटर उंच होते. त्याची १:१०० प्रमाणातली प्रतिकृती माझ्या कमरेच्या थोडी वर येते. ती नुसती कपाटावर ठेवायची असती, तर प्रमाण सांभाळणे हा केवळ चिकाटीचा प्रश्न राहिला असता. ती उडवायची म्हटले, की मात्र पंचाईत होते, कारण रॉकेट शंभरपट लहान करता येते, हवा करता येत नाही.

खऱ्या सॅटर्नच्या बुडाशी जेमतेम चार लहान पंख होते आणि त्याला सरळ ठेवण्याचे मुख्य काम बाहेरची चार इंजिने वळवून केले जाई. आमच्या पुठ्ठ्याच्या नळीत काळ्या दारूची एकच मोटर, तीही जागची न हलणारी. तेव्हा रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यापुढे (म्हणजे हवेचा एकूण जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या नाकाकडच्या बाजूला), निदान नळीच्या एका व्यासाइतका तरी, राहील अशी तजवीज करावी लागते. नाहीतर ते आकाशात कोलांट्या घेते. दिवाळीतल्या रॉकेटची लांब काडी हेच काम करते, पण सॅटर्नला काडी कशी लावणार? मग नाकात वजन भरायचे किंवा शेपटाला मोठे पंख लावायचे. काही कसबी मंडळी हे पंख पारदर्शक प्लास्टिकचे करतात आणि ते लांबून दिसत नाहीत यात धन्यता मानतात. मला ही लबाडी मनापासून आवडते.

रंगाच्या बाबतीत मात्र हीच मंडळी कमालीची कर्मठ असतात. सॅटर्नच्या जमिनीवरच्या चाचण्यांसाठी बनवलेल्या नमुन्यावर पहिल्या टप्प्याच्या मधल्या भागात काळे पट्टे होते; प्रत्यक्ष उडालेल्या रॉकेटांवर तो भाग पांढरा ठेवला गेला. बाजारातल्या अनेक संचांनी तो चाचणीचा नमुनाच गिरवला, आणि त्यावरून जाणकार अजून हिरिरीने वाद घालतात.

हा छंद मूळचा अमेरिकेचा. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता, तर त्यांच्या भावाला विमानांच्या प्रतिकृतींचा. १९५४ मध्ये या दोन नादांतून असे रॉकेट जन्मले, जे छत्रीने सुखरूप उतरे आणि नवी मोटर घालून पुन्हा उडे. कारखान्यात भरलेली मोटर, पुठ्ठा आणि बाल्सा लाकूड, विजेने दुरून पेटवणे ही शिस्त पुढे रुजली, आणि धातूच्या नळीत स्वतः दारू ठासण्याच्या जीवघेण्या हौसेला पर्याय मिळाला.

मोटरीवर ‘डी१२-३’ असे लिहिलेले असते: ‘डी’ म्हणजे एकूण रेटा कोणत्या गटातला, १२ म्हणजे सरासरी १२ न्यूटन जोर आणि ३ म्हणजे जळून संपल्यावर छत्री उघडेपर्यंतचे सेकंद. खरा सॅटर्न मनोऱ्याच्या वर निघायलाच दहाएक सेकंद घेई. आमचा तेवढ्यात छत्रीला लटकू लागलेला असतो. तो भारदस्त संथपणा कोणत्याही प्रमाणात बसवता येत नाही, आणि माझी खरी हळहळ तीच आहे.

सध्या टेबलावर पीएसएलव्ही आहे. मूळ रॉकेट ४४ मीटरचे, म्हणजे प्रतिकृती ४४ सेंटिमीटरची; मुख्य नळी २८ मिलिमीटर, तिच्यात १८ मिलिमीटरची मोटर ऐसपैस बसते. भोवतीचे सहा जोडबूस्टर, म्हणजे बाजूला बांधलेली जादा जोराची छोटी रॉकेटे, मात्र एकेक सेंटिमीटर जाडीचे होतात आणि नेमके शेपटाकडे वजन वाढवतात. नाकात किती शिसे भरावे, याचे गणित अजून जुळायचे आहे.