पाळी बदलताना प्रेस ब्रेकवर काय बघायचं

"सेटिंग ओके आहे, चालू दे," असं सांगून आधीचा ऑपरेटर निघतो आणि नवा माणूस थेट प्रेस ब्रेकच्या, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनच्या, पेडलवर पाय ठेवतो. फॅब्रिकेशनमधलं टाळता येण्याजोगं स्क्रॅप बहुतेक वेळा इथेच तयार होतं, असं माझं ठाम मत आहे. स्क्रीनवरची खोली (पंच, म्हणजे वरचं दाबणारं टूल, किती खाली येतं ते) मागच्या पत्र्यासाठी बरोबर होती. समोरचा पत्रा त्याच बंडलातला, त्याच हीट नंबरचा (एकाच वेळी वितळवलेल्या पोलादाचा) आहे का, हे कोणी बघितलेलं नसतं.

३ मिमी एमएस (माइल्ड स्टील) धरून चालू. व्ही-डायची, म्हणजे पत्र्याखालच्या साच्याची, व्ही खाच साधारण पत्र्याच्या जाडीच्या आठपट रुंद, म्हणजे २४ किंवा २५ मिमीची. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा खाचेच्या तळाला न टेकवता वाकवताना) आतली त्रिज्या या रुंदीच्या सहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे ४ मिमीच्या जवळ येते. टनेज, म्हणजे लागणारं बल, बेंडच्या दर मीटर लांबीला साधारण २५ टन. वाकवायची बाजू १७ मिमीपेक्षा लहान असेल तर ती डायच्या कडेवरून आत घसरते. लहान डाय लावली तर टनेज वाढतं, म्हणून डायवर कोरलेली मर्यादा आधी वाचा.

आता खरा मुद्दा. ३ मिमी म्हणून आलेला पत्रा प्रत्यक्षात २.९ भरतो, कधी ३.१. पंच तेवढाच खाली येतो, त्यामुळे पातळ पत्रा कमी वाकतो आणि कोन उघडा राहतो. खोलीत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाचा फरक पडला तरी कोन अंशभर हलतो. म्हणून नवीन बंडल उघडलं की व्हर्नियर लावायचाच, कडेची बर (कापताना राहिलेली धार) सोडून थोडं आत. स्टेनलेसला स्प्रिंगबॅक (दाब सुटल्यावर बेंड परत थोडा उघडणं) एमएसपेक्षा जास्त, तेव्हा एमएसची खोली तशीच वापरून चालत नाही. रोलिंगच्या दिशेला समांतर बेंड आला तर बाहेरच्या बाजूला तडे जाऊ शकतात. त्यामुळे नेस्टिंगमध्ये (कापण्यासाठी पत्र्यावर जॉब मांडताना) जॉब फिरवून बसवलाय का, तेही बघा.

मशीन थंड असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं रिकामं चालवा. तेल गरम होईपर्यंत कोन स्थिर राहत नाही. मग फर्स्ट पीस. कोन तीन ठिकाणी मोजायचा: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. दोन्ही टोकं ९० आणि मध्ये ९१ आला, तर दाबाखाली मशीनचा बीम मध्यभागी वाकतोय. खोली न वाढवता क्राउनिंग (हा मध्यभागाचा वाक भरून काढणारी सेटिंग) वाढवा. खोली वाढवली तर मध्य सुधारेल, पण टोकं ८९ वर जातील. एक टोक उघडं आणि दुसरं बंद असेल, तर वाय-१ आणि वाय-२ (बीमच्या दोन टोकांची खोली) बघा.

कोन बरोबर आल्यावरच बाजूचं माप घ्या. चुकलेल्या कोनावर घेतलेलं माप खोटं असतं, आणि त्यावरून बॅकगेज (पत्रा मागे टेकतो तो अडसर) हलवला की दोन्ही चुका एकमेकींत अडकतात. माप अर्ध्या मिमीने हलतंय पण प्रत्येक पीसला वेगळं येतंय, तर बॅकगेजच्या ऑफसेटला हात लावू नका. लेझर कटिंगमध्ये राहिलेला मायक्रोजॉइंटचा (जॉब पत्र्यात धरून ठेवायला न कापलेल्या छोट्या भागाचा) टोचा बॅकगेजच्या बोटाला लागत असतो. तो ग्राइंडरने काढा.

लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आणि इमर्जन्सी स्टॉप पाळी सुरू होताना तपासा, कर्टन "थोड्या वेळासाठी" बंद केलेला असेल तर काम सुरूच करू नका. रुंद पत्रा बेंड होताना झटक्याने वर येतो. त्याला खालून आधार द्या, बोटं पत्रा आणि बीमच्या मध्ये जाता कामा नयेत.

पाळी बदलताना वेल्डिंग बेवर (वेल्डिंगच्या जागी) चार्ज घेत असाल, तर नोझल काढून आतला स्पॅटर (चिकटलेले धातूचे थेंब) साफ करा, वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस मिनिटाला १२ ते १८ लिटर ठेवा. वेल्डमध्ये छिद्रं दिसली की लोक गॅस वाढवतात, पण प्रवाह फार झाला की तो घुसळून हवा आत ओढतो. आधी पंख्याचा वारा थेट जॉबवर येतोय का ते बघा.

पाळी संपायला पंधरा मिनिटं उरली असताना फ्रेमच्या एकाच बाजूचा पूर्ण वेल्ड मारून जाऊ नका. थंड होताना ती बाजू आखडते, फ्रेम गुण्याबाहेर जाते आणि पुढचा माणूस ती ओढून बसवण्यात तास घालवतो. टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) पूर्ण करा, कर्ण मोजा, दोन्ही कर्णांची मापं लॉगबुकात लिहा. शेजारी चालू खोली, क्राउनिंग, पत्र्याची मोजलेली जाडी आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबरही.